चित्राखाली लिहिलेली किंमत

प्रदर्शनात चित्राखाली नाव असतं, माध्यम असतं, आकार असतो. किंमत बहुधा नसते. ती दाराजवळच्या टेबलावर, अभिप्रायाच्या वहीखाली ठेवलेल्या एका कागदावर असते आणि तो कागद मागावा लागतो. आमच्या कोल्हापुरात, दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात मी अनेकदा चित्रं लावली आणि तिथे येणारी माणसं पाहिली. कुणी बँकेतून घरी जाताना डोकावतं, कुणी मुलाला क्लासला सोडून मधला वेळ काढायला येतं. माणूस एखाद्या चित्रापुढे थांबतो, पुढे जातो, परत येतो, जवळ वाकून आकाशातला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, बघतो. मग टेबलाकडे एकदा नजर टाकतो आणि बाहेर पडतो. त्याला किंमत विचारायची असते. पण विचारली आणि आकडा ऐकून गप्प बसावं लागलं तर? चारचौघांत आपली ऐपत उघडी पडेल, या संकोचाने तो प्रश्न तोंडातच राहतो.

हा संकोच मला कायम लागत आला आहे. त्या माणसाला चित्र आवडलेलं होतं, कदाचित परवडणारंही होतं, आणि तरी आम्हा दोघांमध्ये एक न विचारलेला प्रश्न उभा राहिला. पुढे इन्स्टाग्राम आलं तेव्हा वाटलं, आता हे टेबल मधून जाईल. पण तिथेही चित्राखाली 'किमतीसाठी मेसेज करा' अशी ओळ आली. विचारण्याचं ओझं पुन्हा पाहणाऱ्यावरच. म्हणून स्वतःचं ऑनलाइन दुकान उभं करायचं ठरवलं तेव्हा पहिला नियम हा केला: प्रत्येक चित्राखाली किंमत असेल, पूर्ण असेल आणि प्रत्येकाला सारखीच दिसेल.

कोल्हापूरला चित्रकलेची परंपरा मोठी. आबालाल रहमान यांनी इथलं कोटितीर्थ, इथला रंकाळा रंगवला. त्यांना शाहू महाराजांचा आश्रय होता. राजाच्या पदरी असलेल्या चित्रकाराला चित्राखाली किंमत लिहायची वेळ येत नाही. सामान्य माणसाच्या घरात रंगीत चित्र आलं ते छापखान्यातून. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा सुरू झाली आणि तिथे छापलेलं रामपंचायतन महाराष्ट्रातल्या घराघरांत लागलं. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत स्वतःचा छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देवघराच्या वर चौकटीत जाऊन बसल्या. या छापखान्यांनी मूळ चित्राला ऐपतीच्या आवाक्यात आणलं नाही, पण चित्र विकत घेऊन भिंतीवर लावायची सवय सामान्य घराला लावली. मला वाटतं, आपल्याकडच्या चित्रकारांनी या सवयीची पुरेशी कदर केली नाही. ज्या घराने शंभर वर्षं छापील चित्र प्रेमाने लावलं, त्या घराला हाताने रंगवलेलं चित्रही हवं असू शकतं. आजवर त्याला कुणी सरळ भाव सांगितला नव्हता, एवढंच.

दुकान कुठे काढायचं हा प्रश्न तसा लवकर सुटला. एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारात गर्दी तयार मिळते. तिथे एक वस्तू यादीत लावायला वीस सेंट आणि विक्रीवर साडेसहा टक्के, शिवाय पैसे घेण्याचा आकार वेगळा. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी ही सोय चांगली आहे आणि ज्यांचं काम भेटवस्तूंच्या जवळ जाणारं आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. मला मात्र पान माझं हवं होतं, मराठीत हवं होतं, आणि माझ्या चित्राखाली दुसऱ्या कुणाची स्वस्त चित्रं सुचवली जायला नको होती. शॉपिफाय या तयार दुकान देणाऱ्या सेवेला दरमहा भाडं आहे, पण डोक्याला ताप कमी. मी वर्डप्रेस या वेबसाइट बांधायच्या साधनावर वूकॉमर्स हे दुकानाचं जोडसाधन घेतलं. ते फुकट आहे. डोमेन आणि होस्टिंगचा वार्षिक खर्च येतो आणि दुरुस्ती आपली आपण करावी लागते. भाचीने एक रविवार बसून सांगाडा उभा करून दिला. पुढचं सगळं मी केलं, आणि त्यातलं खरं काम तांत्रिक नव्हतंच.

पैसे घेण्यासाठी पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा, लागतो. यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग सगळं त्यातून येतं आणि कार्डाच्या व्यवहारावर साधारण दोन टक्के, अधिक त्या दोन टक्क्यांवरचा जीएसटी कापला जातो. पण खातं मंजूर करण्याआधी ते तुमची वेबसाइट तपासतात. परतीचं धोरण, पाठवणीचं धोरण, खाजगी माहितीचं धोरण, अटी आणि संपर्क, एवढी पानं तिथे असावीच लागतात. बहुतेक जण ही पानं कुठून तरी उचलून चिकटवतात. मी ती मराठीत, एकेक वाक्य तोलून लिहिली, कारण प्रदर्शनात न विचारल्या जाणाऱ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथेच देता येत होती. चित्र घरी लावल्यावर आवडलं नाही तर? मूळ चित्र सात दिवसांत परत घेईन, परतीचा खर्च तुमचा. वाटेत खराब झालं तर? पाकीट उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, पूर्ण पैसे परत. चेहऱ्याचं चित्र सांगून काढून घेतलं आणि पसंत पडलं नाही तर? कच्चं रेखाटन दाखवून होकार घेतल्यावरच रंगाला हात लावेन. त्यानंतर परत नाही. हे कागदावर उतरवताना लक्षात आलं की वर्षानुवर्षं या गोष्टी मी प्रत्येकाला वेगवेगळ्या सांगत होते, समोरचा किती ओळखीचा आहे त्यावर. दुकानाने मला सगळ्यांशी एकसारखं वागायला लावलं.

आता किंमत.

मी जलरंगात निसर्गचित्रं करते. आमचा कागद मापाने चालतो: फुल शीट बावीस बाय तीस इंच, हाफ पंधरा बाय बावीस, क्वार्टर अकरा बाय पंधरा. किंमत काढायची एक रीत चित्रकारांमध्ये रूढ आहे, चौरस इंचाला दर. क्वार्टर शीट म्हणजे १६५ चौरस इंच. तीस रुपये दर धरला तर ४,९५० रुपये. पुष्कळांना ही रीत रुक्ष वाटते. चित्र काय जमिनीच्या भावाने विकायचं का, असं एक ज्येष्ठ चित्रकार मला कळवळून म्हणाले होते. त्यांचा मी आदर करते, पण या बाबतीत मला ते पटत नाही. या रीतीतला मोठा गुण असा की गिऱ्हाइकाला ती समजते. एकाच मापाची दोन चित्रं एकाच किमतीला असतात. जे चित्र मला स्वतःला जास्त आवडतं त्याची किंमत मी वाढवत नाही. माझ्या जिव्हाळ्याचा भार घेणाऱ्याच्या खिशावर का टाकावा? निवड त्याने डोळ्यांनी करावी, आकड्यांनी नको. मोठ्या कागदाला दर थोडा कमी लावते, इतकाच फरक.

दुसरा नियम, दुकानातली आणि प्रदर्शनातली किंमत एकच. व्यावसायिक गॅलऱ्या विक्रीतले साधारण तीस ते पन्नास टक्के घेतात. ते वाचतात म्हणून दुकानात भाव उतरवायचा मोह होतो. पण तसं केलं की गॅलरीत घेणाऱ्याची फसगत होते आणि गॅलरीच्या कष्टांनाही अर्थ राहत नाही. कमिशनची रक्कम वाचते ती मी पाठवणीत घालते. त्यामुळे गडहिंग्लजला आणि गडचिरोलीला चित्र एकाच किमतीत पोहोचतं, आणि शेवटच्या पानावर अचानक दोनशे रुपये वाढलेले कुणाला दिसत नाहीत.

कराचं थोडक्यात सांगते, कारण नवे चित्रकार इथेच अडतात. हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल लहान असली तरी नोंदणीचा प्रश्न येतो. हस्तकलेच्या ठरवून दिलेल्या यादीतल्या वस्तूंना त्यातून एका मर्यादेपर्यंत सूट आहे. आपलं काम त्यात कसं बसतं हे दुकान उघडण्याआधी सीएला विचारून घ्यावं.

सगळ्यात जास्त जीव मी ओतला तो फोटोंमध्ये. जलरंग कॅमेऱ्याला सहज सापडत नाही. अल्ट्रामरीन निळा कागदाच्या खड्ड्यांत कणाकणाने बसतो, त्या कणांमुळेच पावसाळी आभाळाला खोली येते. फ्लॅश मारला की ते कण नाहीसे होतात आणि आभाळ सपाट होतं. फोटो मी उत्तरेच्या खिडकीशी, ढगाळ सकाळी काढते, चित्राशेजारी राखाडी कार्ड ठेवून, म्हणजे नंतर संगणकावर रंगाचा तोल बसवता येतो. फाइल एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या रंगमानकात ठेवावी लागते, नाहीतर निरनिराळ्या फोनवर रंग निरनिराळे दिसतात. तरीही काही रंग पडद्यावर येतच नाहीत. कोबाल्ट टील पडद्यावर नेहमी थोडा मळका दिसतो. अशा चित्राखाली मी तसं लिहिते: प्रत्यक्षात हा हिरवट निळा अधिक स्वच्छ आहे. उलट काही चित्रं पडद्यामागच्या उजेडामुळे असतात त्याहून तेजस्वी दिसतात, रंकाळ्याच्या संध्याकाळची तर हमखास. तेही लिहिते. कागद उजेड परत फेकतो, फोन स्वतः उजळतो. घरी आलेलं चित्र फोटोपेक्षा शांत दिसेल, हे घेणाऱ्याला आधी माहीत असलं पाहिजे.

मापाचंही तसंच. अकरा बाय पंधरा इंच वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून प्रत्येक चित्राचा एक फोटो खुर्चीच्या वर भिंतीवर टेकवलेला, एक हातात धरलेला, आणि एक कागदाच्या कडेचा अगदी जवळून. कडेच्या फोटोत कागदाची जाडी कळते. मी चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा सुती कागद वापरते. दुकानात ठेवलेल्या फोटोंची लांब बाजू सोळाशे पिक्सेल. ए-थ्री आकारात नीट छापायचं तर ३,५०८ बाय ४,९६१ पिक्सेल लागतात, त्यामुळे फोटो उतरवून घेऊन कुणाला बरी प्रिंट काढता येत नाही, आणि गावाकडे नेट रडतखडत चालत असलं तरी पान उघडतं.

वर्णनात मी जागा, महिना, कागद आणि रंग लिहिते. रंग लिहिण्यामागे कारण आहे. सगळे जलरंग उजेडात टिकत नाहीत. अलिझरीन क्रिमझन हा सुंदर गर्द लाल, पण उन्हात काही वर्षांत फिका पडतो. बाजारात मिळणारा झगझगीत ऑपेरा गुलाबी तर त्याहून लवकर. मी त्यांच्या जागी क्विनाक्रिडोन जातीचे, उजेडात जास्त टिकणारे रंग वापरते. चित्राला काच लावा, थेट ऊन पडेल अशा भिंतीवर टांगू नका, कोकणात किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून चौकट थोडी सुटी ठेवा, म्हणजे मागून बुरशी येणार नाही. हे सगळं प्रत्येक चित्राच्या पानावर आहे. पाच हजार रुपये देणाऱ्या माणसाला आपण काय घेतोय आणि ते किती टिकेल हे समजण्याचा हक्क आहे. पूर्वी हे ज्ञान चित्रकारांत आणि फ्रेमवाल्यांतच फिरायचं.

प्रिंट विकावी की नाही, यावर मी बराच विचार केला. शेवटी विकते, पण मूळ चित्रांपासून वेगळ्या खणात. पिगमेंट शाईने सुती कागदावर छापलेली, ठरावीक संख्येची, मागे क्रमांक आणि सही. नावातच 'प्रिंट' हा शब्द पहिला. 'कॅनव्हासवरील कलाकृती' अशा गोल शब्दांत छापील प्रत विकली जाते तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण फसतो तो नेमका पहिल्यांदा चित्र घेणारा माणूस, आणि एकदा फसलेला पुन्हा कुणाच्याच दुकानात जात नाही. लिनोकटची, म्हणजे लिनोलियमवर कोरलेल्या ठशावरून काढलेल्या चित्राची, गोष्ट निराळी. तिथे प्रत्येक प्रत हाताने शाई लावून काढलेली असते आणि ती मूळच असते. तो फरकही पानावर समजावून लिहिला आहे.

एकमेव चित्राचा साठा एकच असतो, हे वूकॉमर्सला स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर ते एकच चित्र दोघांना विकून मोकळं होईल. चित्र प्रदर्शनात न्यायचं ठरलं की आधी दुकानातून बाजूला काढायचं. विकलेलं चित्र मात्र मी पुसत नाही. प्रदर्शनात लावतो तशी त्यावर लाल टिकली लागते आणि किंमत तशीच राहते. कुणीही मागे जाऊन बघावं, दोन वर्षांपूर्वी भाव काय होता, आता काय आहे. आधी घेतलेल्यांनाही त्यातून धीर येतो, की नंतर मी तीच मापं पडत्या भावात काढली नाहीत.

पाठवणीने मला चौकटीविषयी निर्णय घ्यायला लावला. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन, यांत जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं, येतील तेवढे किलो, ही बहुतेकांची रीत. क्वार्टर शीट दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून छत्तीस बाय शेहेचाळीस बाय तीन सेंटिमीटरचं पाकीट केलं तर ते एक किलोच्या आत बसतं. हाफ शीट माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेमसकट खोक्यात घातली, सत्तर बाय पंच्याऐंशी बाय दहा, की तिचं वजन जवळपास बारा किलो धरलं जातं. वर काच फुटायची भीती. म्हणून दुकानातली सगळी चित्रं बिनचौकटीची. चित्रावर आम्लरहित बटर पेपर, मग प्लॅस्टिकची पिशवी, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, आणि दोन पुठ्ठ्यांच्या आतल्या नाळी एकमेकींना आडव्या, म्हणजे पाकीट वाकत नाही. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी. सोबत एका कागदावर फ्रेमवाल्यासाठी सूचना: मागे आम्लरहित बोर्ड, काच चित्राला टेकू नये म्हणून माउंट, डिंक आणि सेलोटेप चित्राला लावू नये. हा कागद थेट फ्रेमवाल्याच्या हातात द्या, असं मी सांगते. गावोगावचे फ्रेमवाले कसबी असतात. काय हवं हे लिहून दिलं की चोख करून देतात. आणि जिथे खाजगी कुरिअर पोहोचत नाही तिथे स्पीड पोस्ट पोहोचतं. देशात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत, आणि माझ्या चित्रांनी त्यातली बरीच आडगावं पाहिली आहेत.

चित्र विकलं म्हणजे काय काय विकलं, हेही पानावर लिहिलेलं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ चित्र विकल्याने त्याचा कॉपीराइट आपोआप जात नाही. तो द्यायचा तर लेखी करार लागतो. चित्र भिंतीवर लावा, कुणाला भेट द्या, पुढे विका, सगळं तुमचं. कॅलेंडरवर किंवा कंपनीच्या भेटकार्डावर छापायचं तर मला विचारा. सांगून काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचं मात्र उलट आहे. पैसे देऊन स्वतःचं किंवा घरच्यांचं चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर कॉपीराइटचा पहिला हक्कदार काढून घेणारा असतो. चित्रकारांनाही हे अनेकदा माहीत नसतं. आणि याच कायद्याचं कलम ५३-अ म्हणतं की मूळ चित्र पुढे दहा हजारांहून अधिक किमतीला विकलं गेलं तर त्यात चित्रकाराचा काही वाटा असतो. माझ्या चित्रांच्या बाबतीत तो दिवस आला नाही तरी नव्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. हक्क माहीत असलेला चित्रकार किंमत लिहिताना बिचकत नाही.

उघड किमतीमुळे चित्राची वस्तू होते, हा आक्षेप मी अजूनही ऐकते. माझा अनुभव वेगळा आहे. किंमत समोर असली की माणूस चित्राबद्दल बोलायला लागतो. दुकान सुरू झाल्यापासून मला येणाऱ्या पत्रांत भावाची विचारणा जवळजवळ नाही आणि घासाघीस तर फारच थोडी. लोक विचारतात, हा घाट पंचगंगेचा का, त्या दिवशी पाणी इतकं चढलं होतं का, ज्योतिबाचा डोंगर कुठल्या बाजूने दिसतोय. एका काकांनी लिहिलं की चित्रातल्या पायऱ्यांवर त्यांची आई धुणं धुवायची; ते चित्र त्यांनी घेतलं नाही, पण पत्र दोन पानांचं लिहिलं. माझ्या लेखी ते गिऱ्हाईकच.

आणि एक पत्र यवतमाळकडच्या एका शिक्षिकेचं. पन्हाळ्यावरच्या धुक्याचं क्वार्टर शीट त्यांना हवं होतं. "ताई, किंमत पटली. पण दोन पगारांत दिली तर चालेल का?" टेबलापाशी उभं राहून हा प्रश्न कुणी मला कधी विचारला नव्हता, आणि त्यांनीही विचारला नसता. मी चित्र राखून ठेवलं, अर्ध्या रकमेच्या दोन लिंक पाठवल्या आणि दुसरा हप्ता आल्यावर पाकीट टपालात दिलं. त्याच आठवड्यात सगळ्या चित्रांच्या पानांवर किमतीखाली एक ओळ वाढवली: पैसे दोन किंवा तीन हप्त्यांत देता येतील, कारण सांगायची गरज नाही. तेव्हापासून दुकानात नेहमीच दोन-तीन चित्रं कुणासाठी तरी थांबलेली असतात. त्यांच्यावर पिवळी टिकली लागते, आणि ती असली की ते चित्र कितीही मोठं प्रदर्शन असलं तरी मी घरातून हलवत नाही.